मौजग्रहावरून सुटका

रविवार, संध्याकाळ

सोडवलं सगळ्यांना, मी! माझी भाची मुग्धा गोष्ट सांगत चालवते त्या फाशांच्या खेळात आमचं यान तीन रविवार मौजग्रहावर अडकलेलं. तिथे हवी ती चैन, पण "जातो" म्हटलं की दारावरचा यंत्रमानव अडवणार. आज सुटलो नाही तर खेळ खलास, असं तिनं बजावलेलं. बरोबर खेळणाऱ्या पोरांनी खेळातल्या बंदुका चालवल्या, फासे उलटेच पडले. मग माझी पाळी. मी यंत्रमानवाला नुसतं म्हटलं, "बरंय, येते हं."

येते म्हणणारीला अडवायचं कसं? मुग्धानं खेळाच्या नियमांची वही चाळली, नियमच नाही! दार उघडावंच लागलं. हे मला आधी का नाही सुचलं?

निघताना मुग्धा चपला घालत म्हणाली, "जाते, मावशी."

मी दारात आडवी. "काय म्हणालीस?"

"येते गं, येते!"

मगच सोडली.