कंई वांधो नहीं

वैजूच्या बाबांना,

भाकरी डब्यात आहेत, वांग्याची भाजी झाकून ठेवलीय. पाळीवरून आलात की खाऊन झोपा, माझी वाट बघू नका. गल्लीतल्या बायकांबरोबर मी वॉर्डाच्या कचेरीत जातेय.

आपली मराठी शाळा दिवाळीनंतर बंद होणार, पोरांना गुजराती वर्गात बसवणार. मास्तर काल म्हणाले, घरोघरी विचारूनच ठरलंय. मागे तो चष्मेवाला दारात आला होता ना, तो तेच विचारत होता. शाळा बंद करायला हरकत आहे का, 'कंई वांधो छे?' तुम्ही लूमच्या आवाजाने अर्धे बहिरे. तुम्हाला वाटलं, नळाला पाणी नाही त्याची चौकशी करतोय. पाहुण्याला म्हणावं तसं हसून म्हणालात, 'कंई वांधो नहीं.' त्याने लिहून घेतलं. तुम्हा एकट्याला बोलत नाही, सारी गल्ली तेच म्हणाली. सुरतेत आल्यापासून आपण दुसरं काय बोललोय?

मला रागही आला नाही. भांडी घासली. मग वैजूला विचारलं, गुजरातीत जमेल का गं, की घरी बसशील? ती साडीला टिकल्या चिकटवत होती. मान वर न करता म्हणाली, 'कंई वांधो नहीं.'

ही माझी अक्षरंही त्याच शाळेची, वैजूच्या पाटीवर गिरवलेली.

तिला सोबत नेतेय. वाटेत तिच्याकडून 'वांधो छे' एवढं घोकून घेईन. उठल्यावर तुम्हीही एकदा मोठ्याने म्हणून बघा. जीभ वळत नाही, मी सकाळपासून बघतेय.

वैजूची आई