चार टोकांच्या टोपीला दिलेलं घर

मी, सफरअली वलद नौरोज, धंदा नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, टोप्या करणे, राहणार इस्फहान, जुन्या चौकामागची टोपीवाल्यांची गल्ली, अंथरुणात पडून पण डोकं ठिकाणावर ठेवून हे मृत्युपत्र सांगत आहे आणि मुल्ला यहया ते लिहून घेत आहेत. माझे पाय कामातून गेले, अक्कल गेलेली नाही. कोणाच्या धाकाने सांगत नाही. धाक घालणाऱ्यांनी जे करायचं ते माझ्या तळव्यांवर करून झालं आहे. हे पत्र माझ्या तिजाला, म्हणजे मेल्याच्या तिसऱ्या दिवशी, फातिहा झाल्यावर आणि ताटं मांडण्याआधी वाचावं. जेवण झालं की कोणी थांबत नाही, मी या गल्लीला ओळखून आहे.

कलम पहिले. माझी हत्यारे, म्हणजे लोकर पिंजायची धनुकली, कढई आणि टोप्यांना आकार द्यायची अक्रोडाच्या लाकडाची सर्व कलबुते, माझी एकुलती लेक गुलअंदाम हिला जिवंतपणीच दिली आहेत व ती तिच्या ताब्यात आहेत. त्यांवर कोणी दावा सांगू नये. त्याच कलबुतांवर माझ्या बापाने जुन्या शाहांच्या शिपायांसाठी बारा पट्ट्यांच्या लाल टोप्या केल्या. मग अफगाणांनी वेढा घातला, शहराने मांजरं खाल्ली, जोडे उकळून प्याले, माझी बायको त्यातच गेली. मग मेंढीच्या कातड्याचा कोट घालून नादिर आला, त्याने अफगाणांना हाकललं, आणि आम्ही शहाण्यांनी रस्त्यात नाचून घेतलं. त्याने चार टोकांच्या टोपीची टूम काढली. लोक म्हणतात ती चार टोकं म्हणजे चार मुलुख. कसले मुलुख! टोकं वाढली की लोकर जास्त जाते आणि कान उघडे पडतात, एवढंच.

कलम दुसरे. नादिरशहास माझ्याकडून काही देणे नाही. त्याने दिल्ली लुटली तेव्हा दवंडी पिटली, तीन वर्षं सारा माफ. आम्ही दिवे लावले. पुढे तोच सारा मागून वसूल केला, आणि दिल्लीचा माल कलातच्या डोंगरात कुलपाआड गेला. आता किल्ली कमरेला लावून हा आमच्याच चुलीतली राख चाळतो. तुर्कांशी लढला, दागिस्तानच्या डोंगरात लढला, उझबेकांशी लढला. ज्याच्याशी लढायचं राहिलं होतं ते आम्ही, म्हणून यंदाच्या थंडीत इस्फहानात येऊन बसला. माझा जावई, गुलअंदामचा नवरा रजब, त्या दागिस्तानात नेला, तो परत आला नाही. घोडे परत आले. स्वतःच्या पोराचे डोळे काढवणाऱ्याला दुसऱ्याच्या पोराचं काय? (इथे मुल्ला म्हणतात, "उस्ताद, हे लिहायला लावू नका, माझ्या घरी तीन मुली आहेत." मी म्हटलं, "लिहा हो. मेलेल्याला कोणी छड्या मारायला फलकावर बांधत नाही." "मेलेल्याला नाही, लिहिणाऱ्याला बांधतात!" म्हणून साक्षीदारांनी हे कलम ऐकलं नाही असं समजावं.)

कलम तिसरे. माझा एकुलता मुलगा बहराम, धंदा वसुलीवाल्यांचा कारकून. वेढ्यात हा तान्हा होता. गुलअंदाम आठ वर्षांची. जे काही हाताला लागे ते चावून मऊ करून ती याच्या तोंडात घाली आणि स्वतः नमद्याचा तुकडा चघळत बसे. त्या घासांवर हे एवढं मोठं झालं. चार टोकांची टोपी डोक्यावर चढली तशी याची मान वळेनाशी झाली, बापाकडे बघायचं तरी अख्खा देह फिरवतो.

या गल्लीतल्या घरांवर सारा बसवायचं काम त्याला मिळालं. सगळ्यांत जड आकडा त्याने माझ्या घरावर टाकला. मी विचारलं, "अरे, हा कसला दर? शेजारच्या सावकाराला याच्या निम्मा लावलास!"

"बाबा, तुम्हाला कमी लावला असता तर लोक म्हणाले असते, बापाला सांभाळून घेतलं. शाहांच्या दरबारी माझी इमानदारी दिसायला नको?"

"आणि मी भरू कुठून?"

"ते भरणाऱ्याने बघायचं."

भरता आलं नाही. मला चौकात नेऊन पाय वर बांधले आणि तळव्यांवर छड्या मारल्या. बहराम तिथेच उभा होता, दौत धरून. मी त्याच्याकडे बघत होतो आणि तो छड्या मारणाऱ्याला म्हणत होता, "हळू मारा, पण मारा." या एका वाक्यासाठी मी त्याला माफ केलेलं नाही. तळवे काळे पडले, आता काळं घोट्यांवर चढलं आहे. हकीम माझ्याशी गोड बोलायला लागला, तेव्हाच मी ओळखलं.

कलम चौथे. बहरामने आपल्या विधवा बहिणीचं लग्न एका तोफखान्याच्या सरदाराशी ठरवलं, तिला न विचारता. त्या सरदाराने दोन बायका पुरल्या आहेत आणि कशाने ते कोणी विचारत नाही. ती नाही म्हणाली. तेव्हा हा म्हणाला, "मग घरावरचा हक्क सोड. बाबा गेल्यावर तुझ्या वाट्याची कटकट मला नको." काझीसमोर तिची हक्कसोड लिहून घेतली, मोहोर उठवून घेतली, स्वतः वाळू टाकून शाई सुकवली. मी पडल्या पडल्या ओरडलो, "घे, घे! सगळं तूच घे!" लेकीला वाटलं बाप तापात बरळतोय. मी आयुष्यात इतका शुद्धीवर कधीच नव्हतो.

हे वाचलं जात असेल तेव्हा गुलअंदाम तुर्कांच्या हद्दीत असेल. यंदा त्यांच्याशी तह झाला आहे, यात्रेकरूंना वाट खुली आहे, ती मावशीबरोबर गेली. शोधायला माणसं धाडू नयेत. सरदाराने तिसरी बायको दुसरीकडे बघावी.

कलम पाचवे. सबब, माझे घर, विहिरीसह, अंगणातल्या डाळिंबासह, त्यावरील चालू साऱ्यासह आणि मागील थकबाकीसह, माझा एकमेव वारस बहराम यास मिळावे. दुसरा कोणीही भागीदार नाही. तशी तजवीज त्याने स्वतः करून ठेवली आहे.

बहराम, दर कमी करायला जाशील, तर आधीचा आकडा खोटा होता असं कबूल करावं लागेल, आणि खोटा आकडा लिहिणाऱ्याचं काय करतात ते तूच मला रंगवून सांगितलंस. विकायला काढशील, तर घेणार कोण? लोक छपराची लाकडं उपसून रात्रीत गाव सोडताहेत. भरता आलं नाही की तुझे सोबती येतील. ओळखीचेच आहेत. हळू मारतील.

कलम सहावे. हे कलम माझं नाही. गुलअंदाम निघताना अडून बसली, म्हणून सांगतो. तिने साध्या नमद्याची एक टोपी करून मुल्लांकडे ठेवली आहे. बिनटोकाची, हमाल आणि यात्रेकरू घालतात तसली. माप बहरामच्या डोक्याचं आहे. ती घालून पश्चिमेच्या वाटेला लागणाऱ्या यात्रेकरूंत कोणी मिसळला, तर नाक्यावर त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत.

मी तिला म्हटलं, "लोकर फुकट घालवतेस. ज्याने तुझ्या बापाचे पाय..."

ती म्हणाली, "बाबा, तुम्ही त्याला घर दिलंत ना? मग त्यातून बाहेर पडायला मी काहीतरी द्यायला नको का?"

मला तिचा राग आला, अजून आहे. टोपी मी हातात घेऊन पाहिली. शिवण चांगली आहे.

येणेप्रमाणे सांगितले, वाचून घेतले, कबूल आहे.

स्थळ इस्फहान. सफर महिना, हिजरी सन अकराशे साठ.

मोहोर: सफरअली वलद नौरोज

साक्षीदार:
मुल्ला यहया वलद कासिम. दुसऱ्या कलमाच्या वेळी मी पाणी प्यायला उठलो होतो.
उस्ताद बरखुर्दार, लोकर पिंजारी. मी मुल्लांना पाणी द्यायला उठलो होतो. टोपी मुल्लांकडे आहे, हे मी पाहिले आहे.