जॉबरची तोंडी परीक्षा

भोईवाडा, ५ जानेवारी १९५८

ती. सौ. कमलताईस,
धाकट्या दौलतचा शि. सा. न. वि. वि.

गिरणीने जॉबरकीसाठी, म्हणजे साचेवाल्यांवरच्या मुकादमीसाठी, वर्ग काढला आहे. आम्ही सातजण, घेणार दोघांना. बारा वर्षं साच्यांवर कापड विणलं, पण वर्गात बसलो की काही डोक्यात शिरत नाही. मास्तर फळ्यावर आकृती काढता काढता बोलतात. शेजारचा आनंदा लिहून घेतो, मी त्याची वही उतरवतो. तू शाळेत शिकवतेस. उपाय सांग.

दौलत

फणसवाडी, ९ जानेवारी

चि. दौलतास अ. उ. आ.

आम्हा शिक्षकांचाही उजळणीवर्ग नुकताच झाला. कुणी ऐकून शिकतो, कुणी पाहून, कुणी हाताने करून, असं तिथे सांगितलं. पंधरा वर्षं शिकवल्यावर हे कळलं! तू पाहून शिकणारा. अप्पांचं तू लहानपणी तरी कुठे ऐकलंस? ऐकायचीही सवय लागावी म्हणून धडा मोठ्याने वाचत जा. १९ला रविवार आहे, ये. घावणे करते.

तुझी ताई

भोईवाडा, २० जानेवारी

ती. ताईस नमस्कार.

कालचे घावणे झकास. तू मात्र गप्प होतीस.

धडा मोठ्याने वाचला, तर शेजारच्या खोलीतल्या राधाबाई आत येऊन विचारू लागल्या, भांडण कुणाशी? मास्तर आमच्याकडे वळले की समजतं, फळ्याकडे वळले की शून्य. संयुक्त महाराष्ट्राच्या सभेला गेलो, मागे जागा मिळाली, अर्ध्यावर परत आलो. आता तोंडी परीक्षा आहे. नापास झालो तर जन्मभर तेच दोन साचे.

दौलत

फणसवाडी, २३ जानेवारी

चि. दौलतास आशीर्वाद.

रविवारी तू पाठमोरा बसला होतास. मी तीनदा हाक मारली. रुसलास असं समजून मीही बोलले नाही. माझा उजळणीवर्ग विसर. कान दाखवून घे. मास्तरांना सांग.

ताई

भोईवाडा, १६ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न.

कानांचं मला दोन वर्षं माहीत आहे. सांगितलं तर जॉबरकी राहिली बाजूला, आहेत ते साचेही जातील. गावी आईला कळवू नकोस.

परीक्षेच्या दिवशी मीच म्हटलं, जॉबरचं काम साच्यांपाशी, प्रश्नही तिथेच विचारा. मास्तर हसले, पण आले. चालत्या साच्यांत कुणालाच ऐकू येत नाही. मास्तर ओरडत होते. आनंदाने चारदा परत विचारलं. मी एकदाही नाही. त्यांचे ओठ मला दिसत होते.

यादीत माझं नाव पहिलं आहे. आनंदाचं यादीतच नाही. त्याची वही परत केली.

रविवारी येतो. हाक मारू नकोस. समोर येऊन बस.

माया आहे तशीच ठेव.

दौलत