तुम्ही नकार दिला नव्हता

प्रिय बामाकाकू,

तुम्हाला वाचता येत नव्हतं, आणि आता तर हे पत्र कुणी वाचूनही दाखवणार नाही. तरी लिहायला बसले, कारण परवा तुमची निर्मला दवाखान्यात येऊन माझी माफी मागून गेली. माझी! तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. आज सकाळी एका पेशंटचं बीपी तीनदा घेतलं आणि तिन्ही वेळा आकडा विसरले.

तुम्हाला जाऊन चार महिने झाले. मी दहाव्याला आले नाही. माझी वाट पाहिली असेल का हो घरच्यांनी? बावीस वर्षं तुम्ही गव्हाणहून पनवेलला माझ्याकडे येत होतात आणि मला एकदा उलटं येता आलं नाही.

कारण सांगते, ते काही शोभेचं नाही. तुम्ही गेल्याचं कळलं त्याच संध्याकाळी मी विमा कंपनीला फोन केला. आम्हा डॉक्टरांचा असा विमा असतो. पेशंटने किंवा घरच्यांनी केस केली तर कंपनी वकील देते, भरपाईही तीच भरते. तिथले वकील म्हणाले, त्यांच्या घरी जाऊ नका, सॉरी म्हणू नका, आम्हाला न विचारता चूक कबूल केलीत तर कंपनी हात वर करेल. झाकली मूठ सव्वा लाखाची, असंही म्हणाले. मी मूठ झाकून घरी बसले.

त्या दिवशी तुम्ही नेहमीसारख्या मागच्या दाराने आलात आणि स्टुलावर बसलात. जबडा दुखतोय, पाठ भरून आलीय, छातीत जळजळतंय म्हणालात. आदल्या दिवशी पुतण्याची हळद झाली होती. मी हसून म्हटलं, काकू, मटणावर ताव मारला असेल, आता भोगा. ॲसिडिटीचं इंजेक्शन दिलं. ईसीजीचं मशीन हाताच्या अंतरावर होतं, पण त्यावर औषध कंपन्यांच्या कॅलेंडरांचा ढीग होता. तो उचलायचा मला कंटाळा आला. बाहेर सहा जण खोळंबले होते, एवढंच निमित्त. दिवेलागणीच्या आत तुम्ही गेलात.

साठीच्या बाईचा जबडा दुखला की आधी हृदयाकडे बघायचं, हे मी परीक्षेसाठी घोकलं होतं. मग त्या दिवशी काय झालं होतं मला?

पण काकू, थोडा राग तुमच्यावरही आहे. एकदा तरी माझ्याशी भांडायचं होतं! पथ्य सांगितलं, कडू औषध दिलं, सुकी मासळी बंद केली, तरी तुमचं आपलं एकच, "तुमी सांगाल तसा, डाक्टरीनबाय." इतका विश्वास कुणी कुणावर टाकतं का?

महिन्याभराने निर्मलाच्या वकिलाची नोटीस आली. केसपेपरची प्रत मागितली होती. तुमचा कुठला केसपेपर? ओळखीच्या माणसाचा कागद करायचा म्हणजे त्याला परकं मानल्यासारखं, ही आमची जुनी पद्धत. बावीस वर्षांचा एक चिटोराही माझ्याकडे नव्हता. मग एका दुपारी दवाखान्याचं दार लावून घेतलं आणि मागची तारीख टाकून केसपेपर तयार केला. शेवटी लिहिलं, 'ईसीजीचा सल्ला दिला. रुग्णाने नकार दिला.' चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, त्या मी सुवाच्य अक्षरात लिहून काढल्या. हे वकिलांनी शिकवलं नव्हतं. ही अक्कल माझीच. मेलेलं माणूस साक्षीला येत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

तो कागद निर्मलाने वाचला. त्या दिवशी तिनेच तुम्हाला स्कूटीवरून आणलं होतं. द्रोणागिरीच्या गोदामात तिची दुपारची पाळी होती, म्हणून ती रस्त्यावर थांबून हॉर्न वाजवत होती. परवा ती माझ्यासमोर बसली. केस करणार नाही, तुमच्यावर उगाच आळ घेतला, माफ करा, म्हणाली. मग मान खाली घालून बोलली, "आय मशीनला नाय बोलली, ती माज्यापायी. मीच हॉर्न वाजवीत होते."

मी काय केलं असेल? तिला पाणी दिलं. जाताना ती पाया पडली आणि मी पडू दिलं.

काल वकिलांनी फोनवर माझं अभिनंदन केलं. विषय संपला म्हणाले. आणि आज तुमच्या आळीतली एक बाई औषधाला आली होती. निर्मला कामावर जात नाही, स्कूटी विकायला काढलीय, नीट जेवतसुद्धा नाही, असं सांगत होती. मला तिच्या तोंडाकडे बघवेना. मी लाजेने मेले, काकू.

खरं काय घडलं ते तुम्हाला आणि मलाच माहीत. हॉर्न वाजला तेव्हा मीच म्हटलं होतं, चला काकू, लेक थांबलीय. तुम्ही जागच्या हलला नाहीत. म्हणालात, "वाजवू दे तिला. तुमी निवांत बगा." आणि मी तुमच्यासाठी दार उघडलं.

उद्या रविवार, दवाखाना बंद. मी गव्हाणला येते आहे. वकिलांना विचारणार नाही. विम्याचं काय व्हायचं ते होवो, केस झाली तर उभी राहीन, गावात नाव गेलं तर जाऊ दे. तो कागद खोटा आहे हे माझ्या सहीने लिहून निर्मलाच्या हातात देईन. तिने दारातून हाकललं तर दारातूनच सांगेन की तिच्या हॉर्नने तिची आई उठली नव्हती, तिला मी उठवलं.

तुमची अपराधी,
डॉ. वैशाली