दोनशे बारा नियमांची भाषा

२ मार्च
व्हायवा वीस तारखेला! इथे अलेक्झांड्रियातच लेक्चररची जागा – सगळं त्यावर आहे. रव्याचा गोड बसबूसा कोणाकोणाकडे पाठवायचा, आई आत्तापासून ठरवतेय.
माझ्या गाइडनी, डॉ. वहबांनी बनवलेली भाषा. दोनशे बारा नियम. ते लावत गेलं की वाक्यं तयार होतात, आणि एकाही वाक्याचे दोन अर्थ निघत नाहीत – हे त्यांनी सिद्ध केलंय. त्यावर माझा दोन वर्षांचा थिसिस. किती सुंदर आहे ते!

५ मार्च
शेजारच्या टेबलावर बसणारा माझा सहकारी शादी, चहा पिताना: "नेव्हीन हानम, बाईसाहेब, तुमच्या भाषेतलं एक वाक्य ऐकवा की!"
म्हटलं, "उदाहरणं फर्स्ट इयरवाले देतात." डिपार्टमेंटमध्ये सगळे असंच म्हणतात.
"म्हणजे येत नाही!"
उद्या एक वाक्य तोंडावरच फेकते त्याच्या.

६ मार्च
जमलं नाही.

८ मार्च
खालून सुरुवात केली. प्रत्येक नियमात डावीकडे एक चिन्ह, उजवीकडे त्याच्या जागी येणारी चिन्हं. ज्या चिन्हाचा सरळ शब्द होतो, त्याला टिक. नियमात उजवीकडे सगळ्यांना टिक असेल, तर डावीकडच्यालाही. नवीन टिक मिळेनाशी झाली की थांबायचं. पहिलं चिन्ह, जिथून प्रत्येक वाक्य सुरू होतं, ते कोरं राहिलं तर भाषेत वाक्यच नाही. सेकंड इयरचा होमवर्क! कुणी केलाच नव्हता.
कोरं राहिलं. मधली दोन चिन्हं अडून बसलीत – हे म्हणतं आधी तू, ते म्हणतं आधी तू.

९ मार्च
प्रोग्रॅम लिहून तपासलं. तेच.
एकाही वाक्याचे दोन अर्थ नाहीत – बरोबरच आहे! वाक्यच नाही. माझं सगळं सिद्ध केलेलं खरं. कशाबद्दल? कशाबद्दलच नाही.
जेवले नाही. आईला सांगितलं, पोट दुखतंय.

१२ मार्च
डॉ. वहबांना दाखवलं. त्यांनी कागद परत सरकवला. मग, "एक नियम वाढव पोरी, सुटेल."
वाढवला. वाक्यं आली – तिसऱ्याचेच दोन अर्थ!
शादीला सांगितलं; तो आता चिडवतही नाही. हळूच म्हणाला, "गप्प बस ना. कोणाला कळतंय?"
खरंय. नाहीच कळणार कोणाला.

१५ मार्च
व्हायवा रद्द करायचा अर्ज दिला. कारण: भाषेत एकही वाक्य नाही. डॉक्टरांनी लगेच सही केली, पेनाला टोपण लावलं, आणि खिडकीकडे बघत म्हणाले, "सहा वर्षांपूर्वी मीही टिक करून बघितलं होतं. कोरंच राहिलं."