अर्धा इंच

प्रिय ठमे,

पत्राला फार उशीर झाला, माफ कर. तीन आठवडे लिहितो आहे नि फाडतो आहे. फोनवर सांगायला गेलो की तू म्हणतेस, "बाबा, झालं का सुरू तुमचं?" आणि फोन जावईबापूंच्या हातात देतेस. ते हसतात. म्हणतात, "मामा, घर तुमच्याच हातचं आहे, मग भीती कसली?" आता या माणसाला काय सांगू? जन्मभर गॅस, कड्या, विजेची बटणं यांवरून तुमचं डोकं खाल्लं, म्हणून आज खरं सांगतोय तर कुणी ऐकत नाही. चूक माझीच आहे, पण चीड येते ती येतेच.

गेल्या महिन्यात तू सहज बोललीस, स्वयंपाकघराच्या छताचा पोपडा कणकेच्या परातीत पडला, आता रंग देऊन टाकते. ठमे, रंग देऊ नकोस. आधी स्टुलावर चढून बघ, नाही, तू चढू नकोस, त्यांना चढव. तिथं तांबूस रेघा आहेत का, आणि त्या पट्टी धरून ओढल्यासारख्या सरळ आहेत का?

मी हे का विचारतो ते ऐक. आमच्या बिल्डिंगचे खांब तपासायला एक इंजिनिअर मुलगी आली होती. तुझ्यापेक्षा लहान, पण बोलायला खमकी. तिनं खांबाला चार बोटं खोल भोक पाडलं नि आत बाटलीतलं तपासणीचं औषध फवारलं. आतलं काँक्रीट गुलाबी झालं, बाहेरचं तसंच राखाडी राहिलं. म्हणाली, "काका, राखाडी ते मेलेलं. हवेतला वायू बाहेरून आत मुरत जातो. तो सळईपर्यंत पोचला की सळईचं कवच गेलं. मग जरा ओल मिळाली की ती गंजते, फुगते आणि खालचं काँक्रीट पाडते." स्वयंपाकघरात तर रोजचीच वाफ.

मी तिला विचारलं, सळईखाली एक इंच काँक्रीट असेल तर किती वर्षं? तिच्या अंदाजानं ऐंशी. आणि अर्धाच इंच असेल तर? मी मनात चाळीस धरूनच विचारलं होतं. ती म्हणाली, वीस. मी भांडलो. अर्ध्याचं अर्धं होतं, पाव कसं होईल? मी सातवी नापास असलो तरी एवढं मला कळतं! ती बिचारी रागावली नाही. म्हणाली, वायूचा कण सरळ आत चालत जात नाही, एक पाऊल पुढे टाकतो, एक मागे, त्याचं त्यालाच ठाऊक नसतं. पटत नसेल तर फरशीवर नाणं उडवून बघा.

बघितलं. छापा पडला की एक फरशी पुढे, काटा पडला की एक मागे. व्हरांडा पुरेना म्हणून वहीत रेघा मारल्या. शंभरदा उडवून कधी चार घरं, कधी अठरा, पण बहुतेकदा दहाच्या आतबाहेर. वीस घरं जायला दोनशे पुरतील म्हटलं तर छे, चारशे लागले. शेजारीण म्हणाली, "काका, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, पण असं मागेपुढे?" तिला हसू आलं. मला घाम फुटला. दुप्पट खोल जायला चौपट वेळ, म्हणजे निम्म्या खोलीला पावच वेळ. पोरगी खरं बोलत होती.

तुझी बिल्डिंग तेवीस वर्षांची झाली.

आता जे लिहायचं ते लिहितो. तुझ्या मजल्याच्या छताच्या सळ्या मीच बांधल्या. सळ्या साच्याच्या फळ्यांपासून वर राहाव्यात म्हणून खाली एक इंची ठोकळे ठेवतात. स्वयंपाकघरापाशी आलो नि ठोकळे संपले. माल कालवून तयार होता, मुकादम आईबहिणीवरून ओरडत होता. मी फरशीचे अर्ध्या इंचाचे तुकडे सारले आणि "झालं, ओता" म्हटलं. पुढे तुम्ही घर शोधत होता तेव्हा, माझ्या हातचं काम आहे, डोळे मिटून घ्या, असं मीच म्हणालो. ते तुकडे मला तेव्हाही आठवत होते. पण चाळीस वर्षं तुला पुरतील, असं मी परस्पर ठरवून टाकलं होतं. कुणी विचारलं नाही नि मी सांगितलं नाही.

त्या मुलीला मी सगळं सांगितलं. ती येत्या बुधवारी सकाळी तुझ्याकडे येते आहे. तोवर ओट्यापाशी उभी राहू नकोस, शेगडी बाहेरच्या खोलीत आण. मीही येईन. तुला माझं तोंड बघायचं नसेल तर खाली जिन्यात बसून राहीन, पण तिला घरात घे. घेशील ना? माझ्याशी बोलावंसं वाटलं नाही तर जावईबापूंकडून एक ओळ पाठव, पण पाठव, आणि लवकर पाठव.

तुझाच,
बाबा