दिवाणाखालचा भुसा

श्रेयस,

अकरा वाजता कबाडीवाला येईल. माझं पुस्तकांचं कपाट त्याला देऊ नकोस. "आजोबा, तुमच्या पुस्तकायनंच घरात कीड आणली ना," असं सुतार म्हणाला आणि तू आणि केतकीनं ते लगेच मान्य केलं. मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

कपाटाची भोकं जुनी आहेत, आतून काळी पडलेली. परवा मी कपाटाखाली आणि तुमच्या दिवाणाखाली काळे कागद पसरले. कपाटाखाली कणही पडलेला नाही. दिवाणाखाली मैद्यासारखा बारीक, ताजा भुसा आहे, म्हणजे जिवंत कीड तिथं आहे. रोज केर काढल्यामुळे तो दिसत नव्हता. साग म्हणून खोडाचं सालीलगतचं पांढरं लाकूड खपवलं की त्यालाच हा लाकूड पोखरणारा भुंगेरा लागतो. माझं चुकत असेल म्हणून लाकडाच्या किडींवरच्या माझ्या पुस्तकातलं ते पान तीनदा वाचलं. कागद हलवले नाहीत, तूही बघ.

तोंडावर मला बोलता येत नाही, म्हणून वाचनालयात जाऊन बसतो आहे. दिवाण केतकीच्या वडिलांनी हौसेनं दिलेला. दिवाणाचा संशय मला पहिल्यापासून होता, पण तिला वाईट वाटेल म्हणून आठ दिवस हा आळ सोसला. आता सोसणार नाही.

— बाबा